एकेरी की दुहेरी? दुसऱ्या बाळाच्या बाबागाडीचा हिशेब

दुसऱ्या बाळाची चाहूल लागली की घरात याद्या होऊ लागतात. माळ्यावरचा पाळणा उतरवायचा, थोरल्याची दुपटी-झबली धुऊन ठेवायची, बाळंतपणासाठी आईने यायचे की सासूबाईंनी हे ठरवायचे. शहरातील कुटुंबांच्या या यादीत गेल्या काही वर्षांत आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे. थोरल्याची बाबागाडी धाकट्याला चालेल, की दोघांना एकत्र बसवणारी दुहेरी गाडी नव्याने घ्यावी लागेल?

प्रश्न वरवर पाहता चैनीचा वाटतो. 'आम्ही काय बाबागाडीत वाढलो?' असे वडीलधारी विचारतात, आणि त्यांचे खरेही असते. पण त्यांच्या काळी मूल कडेवर घ्यायला घरात चार माणसे होती आणि वाड्याच्या अंगणात आणखी दहा. आज ठाण्यातील किंवा बाणेरमधील एखाद्या सदनिकेत सकाळी साडेनऊनंतर आई आणि दोन मुले एवढीच मागे उरतात. दीड महिन्याच्या बाळाला लसीसाठी न्यायचे असते आणि पावणेदोन वर्षांच्या थोरल्याला घरी ठेवायला कोणी नसते. त्यात प्रसूती शस्त्रक्रियेने झालेली असेल, तर साधारण सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नका, असे डॉक्टर बजावून सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यांनुसार दोन वर्षांच्या मुलाचे मध्यम वजन १२.२ किलो, तर मुलीचे ११.५ किलो असते. रस्त्याच्या मध्यावर 'मला उचल' म्हणून बसकण मारणारे हे बारा किलो कोणी उचलायचे, असा हा प्रश्न आहे. त्याला चैन म्हणणे बरे नव्हे.

तरीही सर्वांनीच दुहेरी गाडी घ्यावी, असे मात्र नाही. किंबहुना आपल्या शहरांतील बहुसंख्य कुटुंबांना तिची गरज पडत नाही. दुकानदार मुले मोजतो. पालकांनी मोजायला हवेत ते महिने. दोन्ही मुलांना एकाच वेळी गाडीत बसण्याची गरज प्रत्यक्षात किती महिने पडणार आहे, आणि त्या महिन्यांत ती गाडी आपल्या दारातून, लिफ्टमधून आणि रस्त्यावरून जाणार आहे का, या दोन प्रश्नांपाशीच निर्णयाचे बहुतेक गणित संपते.

महिन्यांचा हिशेब

साधारण तीन वर्षांचे झाले की मूल रोजच्या छोट्या अंतरासाठी गाडीत बसायला स्वतःच नकार देऊ लागते. लांबच्या फेरीसाठी, विमानतळावर, आजारपणात ते पुढेही बसते. पण रोजची गरज तिशी-पस्तिशीच्या महिन्यात ओसरते. दुसऱ्या टोकाला नवजात बाळ. त्याला मान सावरता येत नाही, म्हणून पहिले काही महिने, बाळ आधाराने नीट बसू लागेपर्यंत, जवळजवळ सपाट होणारे आसन लागते. पाठ उभीच राहणारी, छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी त्याच्या उपयोगाची नाही. हे न कळल्यामुळे अनेक घरांत 'थोरल्याची गाडी आहेच' म्हणून पालक निर्धास्त राहतात आणि ऐन वेळी लक्षात येते की ती गाडी सहा महिन्यांपुढच्या बाळासाठी आहे.

आता अंतर पाहू. जुळी असतील तर चर्चाच नको. पहिल्या दिवसापासून दुहेरी गाडी लागते आणि ती अडीच-तीन वर्षे वापरली जाते. मात्र दोन्ही आसने पूर्ण सपाट होणारी हवीत. जुळी बाळे बरेचदा मुदतीपूर्वी व कमी वजनाची जन्मतात, त्यामुळे ती मान उशिरा सावरतात. दोन मुलांत दीड वर्षापेक्षा कमी अंतर असेल, तरीही दुहेरीच्याच बाजूने कौल द्यावा. कारण थोरले मूल नुकतेच पाऊल टाकू लागलेले असते आणि पुढे वर्ष-दीड वर्ष दोघांनाही बसायचे असते. याउलट अंतर अडीच वर्षांच्या पुढे असेल, तर दुहेरी गाडीवर पैसे घालू नयेत.

खरी कुचंबणा होते ती मधल्या कुटुंबांची. दीड ते अडीच वर्षांचे अंतर आपल्याकडे अनेक घरांत आढळते. समजा, थोरला दोन वर्षांचा असताना जूनमध्ये बाळ जन्माला आले. मुंबईत किंवा कोकणात जून ते सप्टेंबर हे चार महिने बाबागाडी जवळपास घरातच राहते. प्लास्टिकचे आवरण घातले तरी गुडघाभर पाण्यात गाडी ढकलता येत नाही. बाळाच्या पहिल्या दीड महिन्यात बाहेर पडणेही लसीपुरतेच असते. म्हणजे गाडी नियमित रस्त्यावर येईल ती ऑक्टोबरात. तोपर्यंत थोरला दोन वर्षे चार महिन्यांचा झालेला असतो, आणि पुढच्या जूनमध्ये तो बालवाडीत जाणार असतो. उरतात ते सात-आठ महिने. तेच बाळ नोव्हेंबरात जन्मले, आणि थोरला जेमतेम वीस महिन्यांचा असेल, तर पावसाळ्यापूर्वीचे सहा आणि नंतरचे सहा-आठ असे वर्षभर दुहेरी गाडी राबते. अंतर सारखेच भासणाऱ्या दोन घरांत उत्तर निराळे निघते ते असे. जन्ममहिना पंचांगासाठी पाहतोच, तर या कामासाठीही पाहायला हरकत नाही.

लिफ्टचे दार

हा धडा आमच्या घराने पैसे मोजून घेतला आहे. थोरली दीड वर्षाची असताना धाकटा झाला. परदेशातून सुटीवर येणाऱ्या भावाने हौसेने शेजारी-शेजारी आसनांची गाडी आणली. आमच्या इमारतीच्या लिफ्टच्या दारात ती पाच सेंटिमीटरने अडली. चौथ्या मजल्यावरून ती घडी करून खाली न्यायची, तर आधी दोन मुलांना कोठे तरी ठेवायला हवे. ते कोठे, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. वर्षभर त्या गाडीच्या एका आसनावर रद्दी आणि दुसऱ्यावर कांदे-बटाटे राहिले.

दुहेरी गाड्या मुख्यत्वे दोन प्रकारच्या. एका प्रकारात आसने शेजारी-शेजारी असतात, दुसऱ्यात एकामागे एक. दुकानात या दुसरीला 'टँडम' म्हणतात. शेजारी-शेजारी आसनांच्या बहुतेक गाड्यांची रुंदी ७४ ते ७९ सेंटिमीटर भरते. पासष्टच्या आसपास रुंदीच्याही काही निघाल्या आहेत, पण त्यांत आसने अरुंद असतात आणि जाडजूड थोरल्याचे खांदे धाकट्याला लागतात. एकामागे एक आसनांच्या गाडीची रुंदी एकेरीइतकीच, म्हणजे ६० ते ६५ सेंटिमीटर असते. लांबी मात्र सव्वा मीटरपर्यंत जाते.

आता लिफ्ट मोजू. सहा माणसांच्या लिफ्टचे दार आपल्याकडे साधारण ७० सेंटिमीटर रुंद असते आणि आतील जागा सुमारे ११० बाय १०० सेंटिमीटर. आठ माणसांच्या लिफ्टचे दार ८० सेंटिमीटरचे. व्हीलचेअरसाठी योग्य अशी तेरा माणसांची लिफ्ट असेल, तर दार ९० सेंटिमीटरचे मिळते. म्हणजे जुन्या, सहा माणसांच्या लिफ्टमध्ये रुंद गाडी दारातून शिरत नाही, आणि लांब गाडी शिरली तरी दार बंद होत नाही! ही अडचण दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर कधीच लक्षात येत नाही. जाळीच्या सरकत्या दारांच्या लिफ्टमध्ये दार पूर्ण उघडल्यावरही मिटलेल्या जाळीची जाडी वजा करावी लागते. तेव्हा खरेदीपूर्वी मोजपट्टी घेऊन पाच जागा मोजाव्यात : घराचे दार, सुरक्षा-दार उघडल्यावर उरणारी वाट, लिफ्टचे दार, लिफ्टची खोली आणि इमारतीच्या प्रवेशापाशी उतार आहे की पायऱ्या. स्नानगृहाच्या दाराची चिंता नको. तेथे गाडी नेत नाही कोणी.

घरातून सुटका झाली की रस्ता. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत निवासी भागातील पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी जागा असावी, असे म्हटले आहे. ती पाळली गेली, तर कोणतीही दुहेरी गाडी आरामात जाईल. पुण्यात जंगली महाराज रस्त्याचे पदपथ नव्याने रुंद केल्यावर तेथे संध्याकाळी जोडगाड्या दिसू लागल्या, यात नवल नाही. मुंबईत शिवाजी पार्कचा कट्टा आणि त्याभोवतीचा पदपथ हीदेखील अशीच सोयीची जागा. मात्र आपली गल्ली म्हणजे जंगली महाराज रस्ता नव्हे. उंच कठडा, मध्येच विजेची पेटी, पदपथावर लावलेल्या दुचाकी, आणि दुचाकी येऊ नयेत म्हणून रोवलेले खांब. या खांबांमधून एकेरी गाडी निघते, रुंद गाडी अडते.

कठडा चढवण्याचे तंत्र तर या दोन गाड्यांत अगदी वेगळे आहे. गाडीची पुढची चाके उचलायची म्हणजे मूठ खाली दाबून मागच्या चाकांवर ती कलती करायची. शेजारी-शेजारी आसनांत दोन्ही मुलांचा भार मागच्या चाकांच्या जवळ असतो, त्यामुळे थोड्या जोराने पुढचा भाग उचलला जातो. एकामागे एक आसनांत पुढचे मूल चाकांपासून दूर असते. तरफेच्या नियमाने ते दुप्पट जड लागते. शस्त्रक्रियेनंतरच्या आईने दिवसातून दहा वेळा हे करू नये. उलट शेजारी-शेजारी गाडीत चार किलोचे बाळ एका बाजूला आणि तेरा किलोचे मूल दुसऱ्या बाजूला बसले की गाडी जड बाजूकडे ओढत राहते. जुळ्यांना हा त्रास नाही, कारण त्यांची वजने जवळपास सारखी असतात. म्हणूनच माझे मत असे की, जुळ्यांना आणि लिफ्ट मोठी असलेल्यांना शेजारी-शेजारी आसनांची गाडी, आणि मागे-पुढे झालेल्या भावंडांना, रस्ता बरा असेल तर, एकामागे एक आसनांची.

आणखी एक स्थानिक अडचण. बहुतेक दुहेरी गाड्या रिकाम्याच बारा-पंधरा किलोंच्या असतात. रिक्षात त्या मावत नाहीत. मोटारीत मावतील, पण सीएनजीचा सिलिंडर असलेल्या मोटारीची डिकी आधीच निम्मी भरलेली असते. भाड्याच्या टॅक्सीचे तर विचारूच नका. मेट्रोच्या स्थानकांत लिफ्ट आणि रुंद प्रवेशद्वार असल्यामुळे तेथे सोय आहे. लोकलचा प्रवास ज्यांना चुकत नाही त्यांच्यासाठी मात्र दुहेरी गाडीचा विषय तेथेच संपतो.

मधले मार्ग

एकेरी आणि दुहेरी यांच्यामध्ये बरीच जागा आहे, आणि आपल्याकडील मधल्या अंतराच्या कुटुंबांचे उत्तर बहुधा तेथेच सापडते.

सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे बाळाला अंगावर बांधून घेणे आणि थोरल्याला त्याच्याच एकेरी गाडीत बसवणे. पाठीला झोळी बांधून शेतात राबणाऱ्या बायकांना हे शिकवावे लागत नाही. शहरात तिला 'बेबी कॅरिअर' म्हणतात इतकेच. बाळाचा चेहरा आपल्याला सतत दिसला पाहिजे, हनुवटी छातीला टेकता कामा नये, आणि त्याचे गुडघे ढुंगणापेक्षा किंचित वर, मांड्या फाकलेल्या अशी बैठक हवी; कंबरेच्या सांध्यासाठी ती चांगली. तीन-चार महिन्यांपर्यंत हा मार्ग उत्तम. सहाव्या महिन्यात बाळ साडेसात किलोंच्या आसपास पोहोचते आणि एप्रिलच्या उन्हात दोघेही घामाने निथळतात, तेव्हा भूमिका बदलावी : बाळ गाडीत आणि थोरला पायी. त्यावेळी गाडीच्या मागे जोडायची चाकांची फळी उपयोगी पडते. थोरला तिच्यावर उभा राहतो. अशा फळ्या साधारण दोन वर्षांपुढील, वीस किलोंपर्यंतच्या मुलांसाठी असतात. तिच्यावर उभे राहण्यात मुलांना मोठी मौज वाटते. दोष एवढाच की, ढकलणाऱ्याचे पाय फळीला लागतात, आणि थोरल्याला झोप आली की सगळाच बेत फसतो. गाडीच्या निर्मात्याने फळी जोडायला परवानगी दिली आहे का, हे पुस्तिकेत पाहावे.

दुसरा मार्ग एकेरीची दुहेरी होणाऱ्या गाडीचा. पहिल्या बाळाच्या वेळी एक आसन, पुढे हवे तेव्हा दुसरे जोडायचे. बुगाबू या डच कंपनीची २०११ मधील 'डॉन्की' ही या जातीतील प्रसिद्ध गाडी. एकेरी असताना ६० आणि दुहेरी झाल्यावर ७४ सेंटिमीटर रुंद. कल्पना सुरेख आहे. परंतु अशा परदेशी गाड्यांची किंमत लाखाच्या घरात जाते, आणि एक चाक मोडले तर सुटा भाग मिळवण्यासाठी पुन्हा कोणी 'तिकडून येणारे' शोधावे लागते. पहिल्या मुलाच्या वेळीच दोन वर्षांच्या आत दुसरे हवे असे ज्यांचे पक्के ठरले आहे, त्यांनीच तिचा विचार करावा.

दोन छत्री-गाड्या क्लिपांनी एकमेकींना जोडण्याची युक्तीही दुकानदार सुचवतात. सुटीच्या प्रवासाला ती चालते. रोजच्या खडबडीत रस्त्यावर क्लिपा सैल होतात आणि दोन्ही गाड्यांची चाके वेगवेगळ्या दिशांना तोंडे करतात.

या छत्री-गाडीचा इतिहास जाता जाता सांगण्याजोगा आहे. १७३३ मध्ये विल्यम केंट याने इंग्लंडमधील ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या मुलांसाठी केलेली बाबागाडी शेळीने किंवा लहानशा घोड्याने ओढायची होती. पुढे दोनशे वर्षे बाबागाडी म्हणजे दोन माणसांनी उचलायचा अवजड ऐवज राहिला. १९६५ मध्ये ओवेन मॅक्लारेन या निवृत्त अभियंत्याने, ज्याने पूर्वी स्पिटफायर लढाऊ विमानांच्या चाकांच्या यंत्रणेवर काम केले होते, नातीची जड गाडी पाहून ॲल्युमिनियमची, छत्रीसारखी मिटणारी, तीन किलोंहून हलकी गाडी तयार केली. आज आपण तिसऱ्या मजल्यावर जी गाडी एका हाताने नेतो, ती विमानाच्या चाकांची नातलग आहे.

सुरक्षितता

दुहेरी गाडीतील अपघात बहुधा मोठ्या कारणाने होत नाहीत. थोरला पटकन खाली उतरतो, मुठीला भाजीची जड पिशवी टांगलेली असते, आणि गाडी मागे कलंडते. पिशवी मुठीला कधीही टांगू नये. खालच्या जाळीत ठेवावी. मुलांना उतरवताना आणि बसवताना कोणाला आधी घ्यायचे, हा क्रम पुस्तिकेत दिलेला असतो, तो पाळावा. प्रत्येक आसनाची वजनमर्यादा वेगळी असते. युरोपीय मानकाचा पहिला भाग १५ किलोंपर्यंतच्या आसनांसाठी आहे, तर २०१८ मध्ये आलेला दुसरा भाग २२ किलोंपर्यंतच्या. तीन वर्षांच्या मुलाचे मध्यम वजन १४.३ किलो असते हे लक्षात घेतले, तर थोरल्यासाठी १५ किलोंचे आसन किती थोडा काळ पुरेल हे कळते. गाडीवरील चिठ्ठीत हा आकडा पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

खांदे, कंबर आणि दोन पायांमधून येणारा पाच बंधांचा पट्टा दोन्ही आसनांना हवा. आणि ब्रेक एकाच पायाने दोन्ही मागच्या चाकांना लागणारा हवा, कारण दोन मुले असली की हात मुठीवरून सारखा सुटतो. ऑक्टोबर २००९ मध्ये मेलबर्नच्या ॲशबर्टन स्थानकावर क्षणभर सोडलेली बाबागाडी फलाटाच्या उतारावरून रुळांवर गेली आणि येणाऱ्या गाडीने तिला धडक दिली. आतील सहा महिन्यांचे बाळ केवळ दैव बलवत्तर म्हणून वाचले. मनगटाचा पट्टा काही रुपयांचा असतो. तो घालावा. सरकत्या जिन्यावर, म्हणजे मॉलमधील 'एस्केलेटर'वर, एकेरी किंवा दुहेरी कोणतीही गाडी नेऊ नये. घडीच्या सांध्यांकडेही लक्ष हवे. नोव्हेंबर २००९ मध्ये अमेरिकेत मॅक्लारेनच्या सुमारे दहा लाख गाड्यांसाठी सांध्यांवर झाकणे पुरवावी लागली, कारण घडी उघडताना मुलांच्या बोटांची टोके तुटल्याच्या बारा तक्रारी आल्या होत्या. घरात आधीच चालते-फिरते थोरले मूल असताना गाडी उघडायची म्हणजे त्याची बोटे तेथे असणारच, असे धरून चालावे.

आपल्याकडच्या उन्हाचा मुद्दा वेगळा. झोपलेल्या बाळावर ऊन येऊ नये म्हणून गाडीवर ओढणी किंवा दुपटे पसरण्याची सवय सर्वत्र आहे. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवून दिले की, कोरडे मलमलचे कापड गाडीवर टाकल्यास आतील तापमान बाहेरच्यापेक्षा अडीच अंशांहून अधिक वाढते. तेच कापड ओले करून छोटा पंखा लावला, तर ते पाच अंशांच्या जवळपास उतरते. नागपूर किंवा सोलापूरच्या मे महिन्यात हा फरक क्षुल्लक नाही. शक्य तर त्या वेळी बाहेरच पडू नये. आणि बाळ गाडीत झोपले, तर घरी आल्यावर त्याला तेथेच झोपू न देता सपाट अंथरुणावर ठेवावे, विशेषतः पहिल्या चार महिन्यांत. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची ही स्पष्ट सूचना आहे. अर्धवट बसलेल्या अवस्थेत मान पुढे कलून श्वास अडकू शकतो.

रस्त्यावरच्या धुराचे काय? इंग्लंडच्या सरे विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये म्हटले होते की, बाबागाडीतील मुलाचा चेहरा वाहनांच्या धुराच्या पातळीला असल्याने त्याला मोठ्यांपेक्षा ६० टक्क्यांपर्यंत अधिक प्रदूषण सोसावे लागू शकते. एकामागे एक आसनांच्या काही गाड्यांत मागचे आसन पुढच्याच्या खाली, जमिनीलगत असते आणि नेमके तेथेच तान्हे बाळ बसवले जाते. सिग्नलपाशी रोज थांबावे लागणाऱ्या घरांनी असा नमुना टाळावा.

थोरल्याची जागा

बाळ आल्याने थोरल्याकडून बरेच काही जाते. आईची मांडी जाते, रात्रीची जागा जाते. त्यात 'तुझी गाडी आता बाळाची' असे सांगितले की त्याच्या रागाला एक ठोस वस्तू मिळते. म्हणून एकेरी गाडी धाकट्याला द्यायची असेल, तर बाळ येण्याआधी दोन-तीन महिने थोरल्याला थोडेथोडे पायी चालायची सवय लावावी. गाडी माळ्यावर जाऊ द्यावी आणि नंतर ती 'बाळाची' म्हणूनच खाली यावी. चालून येण्याच्या बदल्यात दळणाची लहानशी पिशवी धरण्याचा मान द्यावा! दोन वर्षांचे मूल फूटपाथवर थांबून मांजर, नळ, खड्डा सारे पाहत चालते. दहा मिनिटांच्या वाटेला पंचवीस लागतात. ही पंधरा मिनिटे ज्यांच्याकडे आहेत त्यांना दुहेरी गाडी लागत नाही. ज्यांच्याकडे ती नाहीत, पाळणाघर गाठून पुढे नोकरीवर जायचे आहे, त्यांनी मनात अपराधी भावना न ठेवता ती घ्यावी.

परदेशातील मराठी कुटुंबांचे गणित वेगळे आहे. लंडन किंवा न्यू जर्सीत आया परवडत नाही, आजी-आजोबा व्हिसाच्या मुदतीपुरते येतात, आणि थंडीत लांब चालावे लागते. तेथे दीड-दोन वर्षांच्या अंतरालाही दुहेरी गाडी उपयोगी ठरते. पण तेथेही नियम पाहावेत. लंडनच्या बसमध्ये बाबागाडीची जागा मुळात व्हीलचेअरसाठी असते आणि तसा प्रवासी आला की गाडी मिटावी लागते. २०१७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानेही, चालकाने नुसती विनंती करून थांबणे पुरेसे नाही, असा निर्वाळा दिला आहे. दोन मुले कडेवर घेऊन जोडगाडी मिटणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक. अमेरिकेत डिस्नेच्या उद्यानांनी मे २०१९ पासून ७९ सेंटिमीटरपेक्षा रुंद गाड्यांना मज्जाव केला आहे. सुटीचा बेत असेल तर तो आकडाही लक्षात ठेवावा.

दुहेरी गाडीची गरज अल्पकाळाची असल्याने जुनी घेण्यात कमीपणा नाही. गृहसंकुलांतील पालकांच्या गटांत अशा गाड्या वर्षभर वापरून विकायला निघतात. घेताना चाके हातात धरून हलवून पाहावीत, पट्ट्यांच्या शिवणी ओढून पाहाव्यात, ब्रेक लावून गाडी उतारावर उभी करावी आणि नमुन्याचे नाव घालून कंपनीने ती कधी परत मागवली होती का, हे इंटरनेटवर शोधावे.

नवी असो की जुनी, गाडी पाहायला जाताना थोरल्याला बरोबर न्यावे, आणि धाकट्याच्या ऐवजी चार किलो तांदळाची पिशवी. दोघांना बसवून गाडी एका हाताने सरळ रेषेत ढकलून पाहावी, दुकानाच्या पायरीवरून चढवून-उतरवून पाहावी. मग तांदूळ कडेवर घेऊन, थोरल्याचे बोट सोडून, ती एका हाताने मिटून पाहावी. जमले नाही, तर दुसरी गाडी दाखवायला सांगावे.